चव टिकवायची असेल तर माणूस टिकवा

आपल्या समाजातील किती तरी कुटुंबे आज खाण्याच्या धंद्यात आहेत. कोणी कबाब-पावाची गाडी लावतो, कोणी बिर्याणीची डेग चढवतो, कोणी चहा-बनमस्क्याचे हॉटेल चालवतो, तर कोणी बँकेचे कर्ज काढून वातानुकूलित रेस्टॉरंट उघडतो. यंत्रमागाला किंवा कापडाला मंदी आली की घरातला तरुण मुलगा म्हणतो, "अब्बा, हॉटेल काढू या. लोक खाणे तर सोडणार नाहीत." लोक खाणे सोडत नाहीत हे खरे. पण आपल्याकडे खाणे सोडून समोरच्या हॉटेलात जातात, हेही तितकेच खरे.

हॉटेल काढताना जागा, पागडी, भांडी, फर्निचर, रोषणाई आणि बोर्ड यांवर भरपूर विचार होतो. उस्ताद कोण आणायचा यावरही होतो. पण तो उस्ताद, तंदूरवाला, वेटर आणि मोरीवर भांडी धुणारा आपल्याकडे का टिकावा, या प्रश्नावर फारसा विचार होत नाही. पगार देतो ना, मग झाले, असे आपण समजतो. आजच्या लेखात या एकाच प्रश्नाचा अभ्यास करायचा आहे.

माझा धंदा कापडाचा. हॉटेलांना लागणारे नॅपकिन, टेबलक्लॉथ, एप्रन आणि वेटरच्या गणवेशाचे कापड मी अनेक वर्षे पुरवत आलो आहे. गिऱ्हाईक हॉटेलात पुढच्या दाराने शिरते आणि माल देणारा मागच्या दाराने. मागच्या दाराने शिरणाऱ्याला जे दिसते ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ज्या हॉटेलात दर तीन महिन्यांनी गणवेशाची मापे बदलतात, तिथे माणसे बदलत असतात. ज्या हॉटेलात पाच-पाच वर्षे त्याच मापाचे सदरे जातात, तिथे चवही बदलत नाही आणि माझे बिलही वेळेवर चुकते होते. हा योगायोग नाही. दोन्हींचे मूळ मालकाच्या हिसाबात आणि जिभेत असते.

माणूस गेला म्हणजे काय गेले?

कापडाच्या दुकानात एक सेल्समन गेला तर थानातले कापड बदलत नाही. हॉटेलात उस्ताद गेला तर मालच बदलतो. निहारीचा मसाला कागदावर लिहिलेला असतो, पण आच केव्हा कमी करायची हे उस्तादाच्या हातात असते. हॉटेलचा खरा माल माणसाच्या हातातून निघतो, म्हणून या धंद्यात माणूस गमावणे सर्वांत महाग पडते.

एक हिसाब मांडून पाहू. समजा एका हॉटेलात उस्तादाला महिना ३०,००० रुपये पगार आहे आणि रोजचा गल्ला ३०,००० रुपयांचा आहे. उस्तादाने २,००० रुपये वाढ मागितली. मालक म्हणाला, "परवडत नाही." उस्ताद गेला. आता खर्च मोजा. त्याने घेतलेली २०,००० रुपयांची उचल बुडाली. नवा माणूस मिळेपर्यंत आठ दिवस रोजंदारीवर कारागीर आणला, त्याचे रोज १,००० रुपये जादा गेले, म्हणजे ८,०००. नव्या उस्तादाने जुन्यापेक्षा ३,००० जास्त घेतले, म्हणजे वर्षाचे ३६,०००. चव बदलली म्हणून एक महिना गल्ला फक्त दहा टक्क्यांनी उतरला, तर ९०,००० रुपयांची विक्री गेली. त्यातला कच्चा माल वजा केला तरी ४५,००० रुपये गेले. एकूण १,०९,००० रुपये झाले. उस्तादाने मागितलेली वाढ वर्षाला २४,००० रुपयांची होती.

आकडे प्रत्येकाने आपापल्या हॉटेलचे घालावेत. पण हिसाब एकदा कागदावर मांडावाच. माणूस टिकवणे हा निव्वळ दयेचा विषय नसून नफ्या-तोट्याचा विषय आहे, हे तेव्हा कळते.

पहिली गोष्ट : पगाराची तारीख आणि चिठ्ठी

आपल्याकडे जुने लोक म्हणत, हिसाब जौ जौ का, बख्शिश सौ सौ की. हिसाब करताना जवाच्या दाण्याइतकेही इकडे-तिकडे होऊ देऊ नये आणि देताना हात मोकळा असावा. पुष्कळ हॉटेलांत याच्या उलट चालते. मालक ईदला खुशीने बिर्याणी आणि कपडे देतो, पण पगाराची तारीख मात्र सात, दहा, पंधरा अशी सरकत जाते. कामगार बख्शिशीने खूश होतो, पण हिसाबावर विश्वास ठेवून राहतो. मजुराची मजुरी लगेच चुकती करावी ही ताकीद आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. ती गल्ल्यावर बसल्यावरही आठवली पाहिजे.

उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, कर्नाटक किंवा नेपाळातून आलेला कामगार पगारावर गावाकडचे घर चालवतो. तिथे मुलीची फी, आईचे औषध आणि सावकाराचा हप्ता ठरलेल्या तारखेला असतो. तुमची तारीख चुकली की त्याची गावात इज्जत जाते. मग तो दुसरीकडे चौकशी करू लागतो आणि आपल्याला वाटते की हा बेइमान आहे.

म्हणून महिन्याची एक तारीख ठरवा आणि गल्ला कमी असला तरी ती पाळा. शक्यतो पगार बँक खात्यात भरा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर हजेरीचे दिवस, खाडे, उचल, कापलेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम लिहा. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. उचलीचे वहीत दोन ठिकाणी टिपण असावे, एक मालकाकडे आणि एक कामगाराकडे. फुटलेल्या कपबशीचे पैसे कापणे, गिऱ्हाईक बिल न देता गेले म्हणून वेटरच्या पगारातून वसूल करणे, हे प्रकार बंद करा. कपबशी फुटणे हा धंद्यातला खर्च आहे. कापडाच्या धंद्यात जसा चिंध्यांचा तोटा धरलेला असतो, तसाच तो धरावा.

दुसरी गोष्ट : तास आणि सुट्टी

हॉटेलचा दिवस लांब असतो. सकाळी पायाचे सूप, दुपारी जेवण, संध्याकाळी चहा, रात्री बारापर्यंत बिर्याणी. पण हॉटेलचा दिवस लांब आहे म्हणून माणसाचा दिवसही तेवढाच लांब असला पाहिजे, असे नाही. चौदा तास उभा राहिलेला माणूस शेवटच्या चार तासांत काम करत नाही, नुकसान करतो. बोट कापणे, तेल उडणे, ऑर्डर चुकणे आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत हे सारे बहुधा रात्री उशिराच होते.

आठवड्याची सुट्टी देणे अशक्य आहे असे मालक म्हणतात. साधा हिसाब पाहा. तुम्हाला रोज बारा माणसे लागत असतील तर चौदा ठेवा. रोज दोघांना सुट्टी द्या. सात दिवसांत चौदाही जणांची सुट्टी पूर्ण होते आणि हॉटेल एक दिवसही बंद राहत नाही. दोन माणसांचा पगार वाढला हे खरे, पण अचानक पडणारे खाडे कमी होतात. सुट्टीचा तक्ता भटारखान्याच्या भिंतीवर लावा, म्हणजे आपल्या आवडत्या माणसाला रविवार आणि नावडत्याला मंगळवार हा संशय राहत नाही.

गावी जाण्याची रजा हा दुसरा भांडणाचा विषय. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आणले गेले. आरक्षण उघडले की गर्दीच्या गाड्या बघता बघता भरतात. कामगाराला रजा मिळणार की नाही हे आठ दिवस आधी सांगितले तर तिकीट मिळत नाही आणि तो न सांगता निघून जातो. म्हणून ईद, बकरी ईद, दिवाळी आणि छठ यांच्या रजांचा तक्ता तीन महिने आधी बसवा. निम्मी माणसे एका सणाला आणि निम्मी दुसऱ्या सणाला. आपल्या हॉटेलात सर्व धर्मांचे लोक काम करतात. ईदला हिंदू कामगाराने भार उचलावा, दिवाळीला मुस्लिम कामगाराने. ज्या हॉटेलात ही अदलाबदल मनापासून होते, तिथले वातावरण वेगळे सांगावे लागत नाही.

रमजानचा महिना तर परीक्षाच असतो. मोहल्ल्यातील हॉटेले दिवसा बंद राहतात, दुपारपासून इफ्तारची तयारी सुरू होते आणि सहेरीपर्यंत चूल विझत नाही. एकाच तुकडीवर हा सगळा भार टाकला तर दहाव्या रोज्यापर्यंत माणसे थकून जातात आणि मोठ्या गर्दीच्या शेवटच्या आठवड्यात आजारी पडतात. दोन पाळ्या करा. एक दुपारपासून इफ्तारनंतरची गर्दी ओसरेपर्यंत आणि दुसरी रात्रीपासून सहेरीपर्यंत. आणखी एक लहानशी गोष्ट. अजानच्या वेळी गिऱ्हाईक खजूर तोंडात टाकते आणि त्याला सरबत देणारा रोजेदार वेटर उभा असतो. काउंटर दहा मिनिटे थांबवा. कामगारांचे ताट आधी मांडा. दहा मिनिटांत गल्ला बुडत नाही, आणि ती दहा मिनिटे कामगार वर्षभर विसरत नाही.

तिसरी गोष्ट : मालकाची जीभ

पगार वेळेवर आहे, सुट्टी आहे, तरी माणसे टिकत नाहीत, अशीही हॉटेले आहेत. तिथे गल्ल्यावरून शिवी येते. गर्दीच्या वेळी आवाज चढणे वेगळे आणि माणसाच्या आई-बहिणीचा उद्धार करणे वेगळे. गिऱ्हाइकासमोर वेटरला अपमानित करणारा मालक समजतो की गिऱ्हाइकाची बाजू घेतली. प्रत्यक्षात गिऱ्हाईकही अवघडते. त्याचा घास गोड लागत नाही.

भटारखान्यात शिवीगाळीशिवाय कामच होत नाही, असे काही उस्ताद सांगतात. याला इतिहासातले एक मोठे उत्तर आहे. ऑगस्त एस्कोफिए हा फ्रेंच आचारी १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करासाठी स्वयंपाक करत होता. पुढे १८९० मध्ये त्याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा भटारखाना हाती घेतला. त्या काळी भटारखाने म्हणजे धूर, दारू आणि आरडाओरड. एस्कोफिएने लष्कराप्रमाणे कामाची विभागणी केली. मांस भाजणारा वेगळा, रस्सा करणारा वेगळा, भाजी करणारा वेगळा आणि प्रत्येकाची जबाबदारी ठरलेली. त्याने भटारखान्यात शिव्या देण्यास आणि दारू पिण्यास मनाई केली. चुलीच्या उष्णतेने जीव कासावीस होतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून दारूऐवजी जवाचे पेय ठेवले. आज जगभरच्या मोठ्या हॉटेलांत भटारखान्याची जी रचना दिसते, तिच्या मुळाशी त्याची पद्धत आहे.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एक, ओरडा बहुतेक वेळा गोंधळातून जन्मतो. कोणाचे काम कोणते हे ठरलेले नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्यावर ओरडतो. काम वाटून दिले की निम्मा आवाज आपोआप कमी होतो. दुसरी, मनाई करताना माणसाची अडचण समजून घ्यावी. आपल्या भटारखान्यात मे महिन्यात तंदूरपाशी उभे राहून पाहा. तिथे धूर ओढणारा पंखा, थंड पाण्याचा माठ आणि लिंबू-मिठाचे सरबत असेल तर उस्तादाचा पारा निम्म्याने उतरतो.

चूक झाली तर बाजूला बोलावून सांगा, त्याच दिवशी सांगा आणि एकदाच सांगा. चांगले काम झाले तर मात्र सर्वांसमोर सांगा. आपण याच्या उलट करतो.

कामगाराचे ताट आणि झोपण्याची जागा

एखाद्या हॉटेलची परीक्षा करायची असेल तर कामगार काय खातात ते पाहावे. काही ठिकाणी रात्रीची उरलेली डाळ सकाळी कामगारांना मिळते. ज्याला स्वतःच्या हॉटेलचे चांगले जेवण मिळत नाही तो गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार की आज कोर्मा छान झाला आहे? कामगारांसाठी रोज ताजा आणि साधा स्वयंपाक व्हावा. जेवायला बसायला जागा आणि निवांत अर्धा तास मिळावा. आठवड्यातून एकदा मालकानेही त्याच दस्तरखानावर त्यांच्याबरोबर बसावे. दहा तक्रारी त्या एका जेवणात न विचारता कळतात.

आपल्याकडे पुष्कळ कामगार हॉटेलातच, माळ्यावर किंवा भाड्याच्या एका खोलीत झोपतात. पंखा, पाणी, संडास, सामान ठेवायला कुलपाची पेटी आणि मोबाइल लावायला विजेचे बटण, एवढी तरी सोय हवी. या खोलीवर खर्च करणे मालकाला जड वाटते, पण रात्री झोप न झालेला माणूस सकाळी गिऱ्हाइकाशी हसून बोलेल ही अपेक्षा चुकीची आहे.

टीप कोणाची?

टीप हा जुना वादाचा विषय आता नव्या रूपात आला आहे. पूर्वी गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवून जायचे आणि ते वेटर उचलायचा. आता गिऱ्हाईक मोबाइलने पैसे भरते. बिल ४८० रुपये असले तर ५०० भरून जाते. ते पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. वेटरला वाटते मालकाने खाल्ले, मालकाला वाटते एवढ्याशा पैशांचा कोण हिसाब ठेवणार. इथेच जवाच्या दाण्याची गोष्ट पुन्हा येते. बिलापेक्षा जादा आलेली रक्कम रोज एका वहीत लिहा आणि आठवड्याला वाटा. घरपोच पार्सलच्या धंद्यामुळे भटारखान्याचे काम वाढले आहे, पण त्यात बशीतली टीप नाही. म्हणून वाटणी करताना तंदूरवाला आणि मोरीवाला यांनाही हिस्सा मिळावा. किती हिस्सा, हे कामगारांना विचारून एकदा ठरवा आणि लिहून ठेवा.

काही रेस्टॉरंट बिलातच सेवा शुल्क लावत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून ते आपोआप लावण्यास मनाई केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे उचलून धरली. कामगाराला जास्त द्यायचे असेल तर ते पदार्थाच्या दरात धरून पगारातून द्यावे, हा सरळ मार्ग आहे.

तो मार्गही हिसाब करूनच धरावा. न्यूयॉर्कमधील डॅनी मेयर या हॉटेल व्यावसायिकाचे उदाहरण घ्या. त्याने १९८५ मध्ये युनियन स्क्वेअर कॅफे हे रेस्टॉरंट उघडले. त्याचा उसूल असा की मालकाने आधी आपल्या कामगारांकडे पाहावे, मग गिऱ्हाईक, मग आजूबाजूची वस्ती, मग माल देणारे आणि शेवटी भांडवल घालणारे. कामगार समाधानी असेल तर बाकी सर्वांचे हित त्यातून साधते, असे त्याचे म्हणणे. २०१५ पासून त्याने आपल्या रेस्टॉरंटांत टीप बंद केली आणि दर वाढवून भटारखान्यातल्या लोकांचे पगार सुधारण्याचा प्रयत्न केला. २०२० मध्ये त्याला टीप पुन्हा सुरू करावी लागली. त्याचा पहिला उसूल यामुळे खोटा ठरत नाही. धडा एवढाच की पैशाच्या वाटणीत बदल करताना हेतू चांगला असून भागत नाही, आकडे जुळावे लागतात.

वर चढण्याची शिडी

मोरीवर लागलेला मुलगा दहा वर्षांनंतरही मोरीवरच राहणार असेल तर तो राहणार नाही. माणसाला पुढे काय, हे दिसले पाहिजे.

भारतात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे इंडियन कॉफी हाउस. पहिले कॉफी हाउस १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला उघडले. पुढे ती कॉफी बोर्डाकडून चालवली जात. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर येण्याची वेळ आली. कामगार नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी स्वतःच्या सहकारी सोसायट्या काढल्या. १९५७ मध्ये बंगळूरची सोसायटी स्थापन झाली, त्याच वर्षी दिल्लीत कामगारांचे पहिले कॉफी हाउस उघडले आणि १९५८ मध्ये केरळात त्रिशूरला. तिथला वेटर पांढरा गणवेश, कमरेला पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा घालून उभा असतो. कापडाचा व्यापारी म्हणून सांगतो, तो फेटा मळका ठेवून चालत नाही. रोज धुवावा, खळ द्यावी आणि बांधावा लागतो. स्वतःची संस्था आहे असे वाटल्याशिवाय माणूस एवढी मेहनत घेत नाही. साध्या कामावर लागून वरच्या जागेपर्यंत पोहोचण्याची वाट तिथे आहे आणि संचालक मंडळावर कामगारच निवडून जातात.

प्रत्येकाने सहकारी सोसायटी काढावी असे मी म्हणत नाही. आपले हॉटेल आपल्याच मालकीचे राहील. पण शिडी तर आपणही लावू शकतो. मोरीवरून फडक्यावर, फडक्यावरून वेटर, वेटरवरून कॅप्टन. भाजी चिरणाऱ्याने सहा महिन्यांत मसाला वाटणे शिकावे, दोन वर्षांत डेग सांभाळावी. उस्ताद आपली विद्या हातचे राखून शिकवतो, कारण शागीर्द तयार झाला की आपली जागा जाईल ही त्याला भीती असते. ती भीती मालकाने काढावी. जो उस्ताद शागीर्द तयार करील त्याला बख्शिश ठेवावी आणि त्याची जागा पक्की आहे हे तोंडाने सांगावे. असे केले तर उस्ताद आजारी पडल्यावर हॉटेल आजारी पडत नाही.

मुंबईतील उडुपी हॉटेलांचाही एक धडा घेण्यासारखा आहे. दक्षिण कर्नाटकच्या किनाऱ्यावरून आलेली मुले दिवसा हॉटेलात काम करत आणि संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जात. त्यांतली किती तरी पुढे शिकली, काहींनी स्वतःची हॉटेले काढली. आपल्या हॉटेलात कामाला असलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी संध्याकाळचे दोन तास देणे काही अवघड नाही.

कायद्याच्या चार गोष्टी

कायदा हा मालकाचा शत्रू आहे असे समजू नये. तो पाळणारा मालक रात्री निश्चिंत झोपतो. आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट मजुरी, ही तत्त्वे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने घालून दिली. दहा किंवा अधिक कामगार असतील तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. त्यात २०१९ च्या जुलैपासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के ठरला. एवढ्या लहान रकमेत कामगाराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या दवाखान्याची सोय होते. हा खर्च समजू नये, ढाल समजावी.

अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. ती कागदापुरती करू नका. तपासणीत एखाद्याला आजार निघाला तर त्याला काढून न टाकता उपचार करून घेऊन परत कामावर घ्या, म्हणजे बाकीचे आजार लपवणार नाहीत. भाजी निवडायला, पोळ्या लाटायला स्त्रिया येत असतील तर त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृह ठेवा आणि त्यांना घरी जायला उशीर होऊ देऊ नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे.

आणि लहान मुलांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली. तरी अजूनही कुठे कुठे 'छोटू' दिसतो. गरिबाच्या मुलाला पोटाला लावले, असे सांगितले जाते. त्याच्या बापाला किंवा मोठ्या भावाला काम द्या आणि छोटूला शाळेत घाला. पुण्य आणि कायदा दोन्ही सांभाळले जातील.

"ढील दिली तर डोक्यावर बसतात"

हा आक्षेप प्रत्येक मालक घेतो आणि तो अगदीच खोटा नाही. गल्ल्यात हात घालणारा, गर्दीच्या दिवशी दांडी मारणारा, दुसऱ्याला चिथावणारा माणूस प्रत्येक धंद्यात भेटतो. पण इज्जत देणे म्हणजे ढील देणे नव्हे. नियम कमी ठेवा, लिहून ठेवा आणि सर्वांना सारखे लावा. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा लेखी ताकीद, तिसऱ्यांदा हिसाब चुकता करून रजा. काढलेल्या माणसाचाही शेवटचा पैसा वेळेवर द्या. राहिलेली माणसे तेच पाहत असतात.

नियम सर्वांना सारखे, यात आपले भाऊबंदही आले. आपल्या हॉटेलांतला मोठा रोग हाच आहे. मालकाचा मेहुणा उशिरा येतो, गल्ल्यावर बसून मोबाइल पाहतो आणि वीस वर्षे काम केलेल्या कॅप्टनला हुकूम सोडतो. त्या कॅप्टनच्या मनात काय येत असेल? नातेवाइकाला कामावर घेतले तर त्याची हजेरी, पगार आणि जबाबदारी इतरांसारखीच लिहा. जमत नसेल तर घरखर्चाला मदत करा, पण हॉटेलात बसवू नका.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली आणि हजारो कामगार गावी गेले. हॉटेले पुन्हा उघडली तेव्हा माल पुरवताना मी पाहिले, काही मालकांची माणसे एका फोनवर परत आली आणि काहींनी दहा फोन केले तरी कोणी आले नाही. ज्यांची आली, त्यांनी बंदच्या महिन्यांत थोडेफार पैसे पाठवले होते किंवा निदान विचारपूस तरी केली होती. तो हिसाब कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता, पण चुकता झाला.

या आठवड्यात स्वतःला विचारायचे प्रश्न

१. मागच्या सहा महिन्यांत पगार किती वेळा ठरल्या तारखेला झाला?

२. माझ्या प्रत्येक कामगाराला आपल्या उचलीची बाकी किती हे ठाऊक आहे काय?

३. मागच्या वर्षात किती माणसे सोडून गेली आणि का, हे मी त्यांना विचारले काय?

४. आज कामगारांनी काय खाल्ले, हे मला सांगता येईल काय?

५. जादा आलेले टीपचे पैसे कोणाच्या खात्यात आहेत?

६. उस्ताद उद्या आला नाही तर डेग कोण चढवील?

७. माझ्या मुलाने अशाच हॉटेलात नोकरी करावी, असे मला वाटेल काय?

सातपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली जाते, तेथून सुरुवात करावी. सगळे एकदम सुधारायला जाऊ नये. पहिल्या महिन्यात पगाराची तारीख, दुसऱ्यात सुट्टीचा तक्ता, तिसऱ्यात टीपची वही, असे एकेक काम धरावे. भिंतीला नवा रंग देण्यापेक्षा यात खर्च कमी आहे. रंग वर्षभरात धुराने काळा पडतो. टिकलेला माणूस मात्र दरवर्षी अधिक कामाचा होत जातो, आणि धंद्यातली बरकत त्याच्याच हाताने येते.